भीती आधी, कारण नंतर: लिम्बिक सिस्टिममधून उठणाऱ्या फिट्सचे एक प्रकरण

प्रकरणाविषयी

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतले आहे. मी तिथे वैद्यकीय अधिकारी आहे. वैशाली आणि नरेश ही नावे बदललेली आहेत. गाव, तालुका आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. लिहायला वैशालीने स्वतः होकार दिला. तिची अट एकच होती: "मी येडी होते असं कुठं लिहू नका."

ती वेडी नव्हती. तिच्या मेंदूच्या ज्या भागात भीती जागी होते आणि आठवण तयार होते, तिथूनच तिच्या फिट्स उठत होत्या. अशी फिट बघणाऱ्याला फिट वाटतच नाही. जमिनीवर कोसळणे, हातपाय झाडणे, तोंडाला फेस येणे यातले काही नसते. दिसते ती फक्त घाबरलेली, मग हरवलेली एक बाई. आमच्या भागात अशा बाईला पहिल्यांदा डॉक्टरकडे नेत नाहीत. ते का, आणि नेल्यावरही निदान का चुकते, हे समजावे म्हणून सगळे क्रमाने मांडते आहे.

पार्श्वभूमी

वैशाली लग्न होऊन सासरी आली तेव्हा वीस वर्षांची होती, बारावी पास. घरचे साडेचार एकर वावर, कपाशी आणि तूर, विहिरीवर थोडे ओलीत. सासरे वारलेले. घराचा कारभार सासूच्या हातात. बाई कष्टाळू आणि बोलायला कडक. नरेश शेती सांभाळून हंगामात दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जातो.

काही महिन्यांतच सासूच्या लक्षात आले की सून अधूनमधून हरवते. भाजी चिरता चिरता हात थांबतो. नजर एका जागी लागते. तोंड काहीतरी चघळल्यासारखे हलत राहते आणि डावा हात साडीचा काठ चाचपत राहतो. हाक मारली तर ओ नाही. मिनिट-दीड मिनिटाने ती परत येते, पण पुढची काही मिनिटे तिला शब्द सापडत नाहीत. समोरचा गिलास दिसतो, तो कशासाठी असतो हे कळते, नाव सांगता येत नाही. हे सगळे सुरू व्हायच्या आधी काही क्षण ती दचकते, जवळच्या माणसाला घट्ट धरते. चेहरा पांढरा पडतो, अंगावर काटा येतो.

सासूने पाहिलेला पहिला प्रसंग अमावास्येच्या संध्याकाळचा होता. दोघी वावरातून परतत होत्या आणि वाटेत एक पडकी विहीर होती, जिच्यात फार वर्षांपूर्वी गावातल्या एका बाईने जीव दिला होता. एवढे पुरेसे होते. "हवा लागली" हे निदान त्याच रात्री ठरले.

खरे तर हे चौदा-पंधराव्या वर्षापासून होत होते. माहेरी त्याला "चक्कर" म्हणत. लग्न जुळवताना आईने ते सांगितले नाही. त्याबद्दल तिला दोष देणे सोपे आहे, पण मुलीला फिट येतात म्हटल्यावर किती स्थळे परत फिरतात हे मी रोज बघते. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार ही विवाहाला अडथळा ठरणारी बाब होती. ती १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकली. सोयरिकीच्या बैठकीत मात्र ती अजून तशीच बसलेली असते.

अडचण

आमच्यापर्यंत ती फिटसाठी आलीच नाही, भाजल्यामुळे आली.

चुलीवर भाकरी टाकताना तिचा उजवा हात तव्यावर पडला होता. ड्रेसिंग करताना आमच्या सिस्टरने मला आत बोलावले आणि जखम दाखवली. माणसाला चटका बसला की हात आपोआप मागे येतो, त्यामुळे अशी जखम वरवरची आणि वेडीवाकडी असते. इथे तळवा आणि तीन बोटे एकसारखी, खोलवर भाजलेली होती. हात तव्यावर राहिला होता. सिस्टरने सरळ विचारले, "हात काढला काऊन नाही?" वैशाली म्हणाली, "कवा ठेवला तेच माहीत नाही."

सोबत आलेली सासू लगेच म्हणाली, "तेच त सांगतो म्याडम, ते तेव्हा आपली सून नसतेच."

मग एकेक बाहेर आले. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात "टेन्शन आहे, लक्ष वेधून घेते" असे सांगून झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यानंतर लिंबू, अंगारा, गंडा झाला. शेवटी शेजारच्या गावातल्या एका भगताने मिरचीची धुरी दिली होती, आणि तीही फिट नुकतीच संपून ती गोंधळलेली असताना. दोघांनी तिला धरून ठेवले होते. वैशालीला त्या संध्याकाळचे काहीच आठवत नव्हते. तरीही तेव्हापासून फोडणीत मिरची तडतडली की ती घराबाहेर पळायची, छाती धडधडायची, घाम फुटायचा. सासूच्या लेखी हा शेवटचा पुरावा होता: आत जे आहे, ते धुरीला भिते.

दुसरी तक्रार विसरण्याची. निरोप विसरते, शेजारणीचे नाव विसरते, सकाळी सांगितलेले दुपारी कबूल करत नाही. "खोटं बोलते" असा शिक्का बसला होता. तिसरी गोष्ट नरेशने बाजूला येऊन सांगितली. ती रात्री रडते आणि "मले माहेरी सोडून द्या" म्हणते. सोडचिठ्ठीची भाषा घरात सुरू झाली होती. फवारणीचे औषध घरातच ठेवलेले असते, हेही मी त्याच वेळी विचारून घेतले.

मेंदूत काय घडत होते

कानाच्या किंचित पुढे, कवटीच्या आत दोन्ही बाजूंना मेंदूचा टेम्पोरल लोब असतो. त्याच्या आतल्या कडेला दोन छोटे भाग एकमेकांना चिकटून आहेत. अमिग्डाला धोक्याची दखल घेतो. जाणीवपूर्वक विचार व्हायच्या आत तो हृदयाची गती वाढवतो, अंगावर काटा आणतो, पोटात गोळा आणतो. हिप्पोकॅम्पस घडलेल्या गोष्टीची आठवण तयार करतो. फ्रेंच डॉक्टर ब्रोका यांनी १८७८ साली या आतल्या कडेचे वर्णन केले, पेपेझ यांनी १९३७ साली भावनांसाठी एका वर्तुळाकार मार्गाची कल्पना मांडली आणि मॅकलीन यांनी १९५२ साली लिम्बिक सिस्टिम हे नाव रूढ केले. भावना केवळ याच भागात असतात असे आता कोणी मानत नाही. बाकीच्या मेंदूशी त्याची सतत देवघेव चालते. पण वैशालीच्या बाबतीत बिघाड नेमका इथेच होता.

हिप्पोकॅम्पसमध्ये व्रण असला की तिथल्या पेशी एकदम, एका तालात विद्युत स्पंदने सोडू लागतात. ती लहर शेजारच्या अमिग्डालापर्यंत पोचली की माणसाला प्रचंड भीती वाटते. समोर वाघ नसतो, साप नसतो, पण शरीर वाघ दिसल्यासारखेच वागते. वैशालीने ते माझ्यापुढे असे सांगितले: "पोटातून काहीतरी वर चढते, गळ्यापाशी येते, आन मंग भेव लागते. कायचं भेव तेच समजत नाही." पोटातून वर चढणारी संवेदना, मग विनाकारण भीती. टेम्पोरल लोबच्या फिटची ही इतकी ठरलेली सुरुवात आहे की ते वाक्य ऐकल्यावर माझी शंका जवळजवळ मिटली.

लहर पसरली की जाणीव मंदावते, तोंड चघळते, हात चाचपतो. हिप्पोकॅम्पस तेवढा वेळ आठवण नोंदवतच नाही, म्हणून तव्यावरचा हात तिच्यासाठी घडलाच नाही.

आठवण या भागाशी किती बांधलेली आहे हे जगाला एका अपस्माराच्याच रुग्णामुळे कळले. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या फिट्स थांबवण्यासाठी दोन्ही बाजूंचा हा आतला भाग काढून टाकला गेला. फिट्स कमी झाल्या, पण २००८ साली मृत्यू येईपर्यंत त्याला रोजच्या आयुष्यातली नवी गोष्ट लक्षात ठेवता आली नाही. दोन्ही बाजू कधीच काढायच्या नाहीत, हा धडा शल्यचिकित्सेने तिथून घेतला.

मिरचीच्या धुरीचे कोडेही इथेच उलगडते. १९११ साली क्लापारेद या स्विस डॉक्टरांनी आपल्या विस्मृतीच्या रुग्ण बाईशी हातमिळवणी करताना बोटांत टाचणी लपवली. थोड्या वेळाने तिला टोचल्याचे आठवत नव्हते, पण तिने हात पुढे करायला नकार दिला. कारण सांगता येईना. प्रसंगाची आठवण आणि भीतीची आठवण या दोन वेगळ्या वाटांनी साठतात. वैशालीचा हिप्पोकॅम्पस त्या संध्याकाळी काम करत नव्हता, पण अमिग्डाला शिकला होता: हा वास म्हणजे धोका. वासाची वाट तर अमिग्डालाला फार थेट जाऊन मिळते. माझ्या मते तिच्या पळण्याचे कारण एवढेच होते. ज्या उपायाने "आतले" बाहेर काढायचे होते, त्या उपायाने एक नवी भीती आत घातली होती.

पर्याय

आमच्यापुढे आणि घरच्यांपुढे जे मार्ग होते ते एकाच वेळी चर्चेत नव्हते. एक बंद झाला की दुसरा उघडत होता.

घरच्यांचा कल दूरच्या एका देवस्थानाकडे नेण्याकडे होता. नरेशच्या मामाचे मत होते की माहेरी पाठवून मोकळे व्हावे. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवण्याचा विचार मी केला. तिच्या उदासीसाठी तो योग्यही होता, पण आधी तिथे पाठवले असते तर "डोक्याचा प्रॉब्लेम" हा शिक्का कायमचा बसला असता आणि मूळ आजार आणखी मागे पडला असता. उरला प्रश्न हा: आधी नागपूरला एमआरआय आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) करून मग गोळी सुरू करायची, की वर्णनावरून लगेच?

पोलिसात जायचे का, हाही पर्याय होता. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली मिरचीची धुरी देण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. मी हे वैशालीला एकटीला बसवून सांगितले. ती म्हणाली, तक्रार केली तर सासूचे नाव येईल, मग मी त्या घरात राहू कशी? निर्णय तिचा होता आणि मी तो मान्य केला. पण पुन्हा धुरी दिली तर मी गप्प बसणार नाही, हे मी घरच्या सगळ्यांसमोर सांगितले.

पहिला निर्णय: काय विचारायचे

पहिल्या भेटीत मी "तिला काय दिसते?" असे विचारले नाही. आमच्याकडे या प्रश्नाचे उत्तर आधीच तयार असते. विनाकारण भीती वाटलेला मेंदू कारण शोधतो, आणि आजूबाजूची माणसे ते हातात देतात: विहीर, अमावास्या, मेलेली बाई. पुढच्या वेळी भीती उठली की तीच बाई आठवते आणि मग ती "दिसते" सुद्धा. म्हणून मी विचारले: सुरू कुठून होते? शरीरात कुठे? दर वेळी तसेच? झोपेत होते का? संपल्यावर काय आठवते?

झोपेच्या प्रश्नावर सासू थांबली. "झोपीत बी होते," ती म्हणाली. "तोंड वाजवते. म्या वाटलं सपन पाह्यते." अंगात येणे, घबराटीचा झटका किंवा मनाच्या ताणातून येणारे फिटसारखे झटके सहसा गाढ झोपेतून असे उठत नाहीत. दर वेळी अगदी त्याच क्रमाने, मिनिट-दोन मिनिटांत संपतही नाहीत.

मग वैशालीच्या परवानगीने नरेशला मोबाईलवर चित्रण करायला सांगितले. आठवड्याच्या आत तो व्हिडिओ घेऊन आला. नजर स्थिर, तोंडाची चघळ, डावा हात पदर चाचपतोय, उजवा हात मनगटातून वाकून ताठ झालेला. ताठ होणारा हात उजवा असेल तर बिघाड बहुधा डाव्या बाजूला. नंतर शब्द न सापडणे हेही डाव्या बाजूकडेच बोट दाखवत होते, कारण बहुतेकांची भाषा तिथेच असते. नावे आणि निरोप विसरणेही त्यात बसले. डाव्या हिप्पोकॅम्पसला इजा असेल तर शब्दांची स्मृती आधी ढासळते. ती खोटे बोलत नव्हती.

माहेरची आई आली तेव्हा शेवटचा दुवा मिळाला. वैशाली दीड वर्षाची असताना तापात तिला फिट आली होती आणि ती बराच वेळ थांबतच नव्हती. ग्रामीण रुग्णालयात पोचेपर्यंत चालूच होती. तापातली साधी, छोटी फिट पुढे सहसा त्रास देत नाही. लांबलेली फिट काही मुलांच्या हिप्पोकॅम्पसवर व्रण सोडते, आणि तो कैक वर्षांनी बोलू लागतो.

दुसरा निर्णय: आधी गोळी की आधी फोटो

हात भाजला होता, विहीर आणि चूल रोजची होती, एमआरआयची तारीख लांबची होती. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवरून तज्ज्ञांशी बोलून कार्बामाझेपिन कमी मात्रेत सुरू केले आणि हळूहळू वाढवले. अंगावर पुरळ आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी यायचे, हे आशाताईने दोनदा वदवून घेतले. सोडियम व्हॅल्प्रोएट आमच्या कपाटात होते, पण मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते टाळायचे असते. गर्भावर त्याचे दुष्परिणाम गंभीर आहेत.

इथे एक बारकी गोष्ट सुटू शकली असती. वैशाली माला-एन घेत होती. कार्बामाझेपिन यकृतातली औषधे मोडणारी विकरे वाढवते आणि गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो. आशाताईच्या नोंदवहीत एका पानावर माला-एन, आमच्या केसपेपरवर कार्बामाझेपिन. दोन्ही कागद शेजारी ठेवले म्हणूनच ते दिसले. फिट्स आटोक्यात येईपर्यंत तिने कॉपर-टी बसवून घेतली.

तिसरा निर्णय: सासूशी कसे बोलायचे

माझ्या मते प्रकरण इथे वळले. भगत खोटा आहे हे सिद्ध करायला बसले असते तर सासू परत आली नसती. मी तिला गावातल्या डीपीचे (विजेच्या ट्रान्सफॉर्मरचे) उदाहरण दिले: डीपीत स्पार्क झाला की घरातला बल्ब लुकलुकतो, माणूस बल्बाकडे पाहतो, दोष डीपीत असतो. वैशालीचे हात, तोंड, डोळे हे बल्ब आहेत. स्पार्क इथे, असे म्हणून कानापुढची जागा दाखवली. ती ऐकत राहिली, हो म्हणाली नाही.

मग तिलाच काम दिले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक झटक्याला कोळशाची खूण करायची, रात्रीचा असला तर गोल काढायचा. मनगटावरचा धागा राहू द्या म्हटले, पण गोळी चुकवायची नाही आणि धुरी, मारहाण, उपास काहीही करायचे नाही. माझ्या एका सहकाऱ्याला धागा ठेवायला सांगणे पटले नाही. त्याचे म्हणणे असे की त्याने अंधश्रद्धेला मान्यता मिळते. त्याचा मुद्दा मला कळतो. तरी त्या मनगटावरून धागा तोडण्यापेक्षा त्या हातात गोळी जाणे मला जास्त महत्त्वाचे वाटले, आणि आजही वाटते.

दोन-तीन महिन्यांनी सासू कॅलेंडर गुंडाळून घेऊन आली. खुणा सगळ्या तिथींना होत्या. अमावास्येला एकही नव्हती असे नाही, पण गर्दी दोन ठिकाणी होती: पाळीच्या आधीचे दिवस, आणि ओलितासाठी रात्रीची लाइन असायची त्या आठवड्यांत, कारण मोटर सुरू करायला नरेशसोबत ती जागायची. पाळीच्या आसपास संप्रेरके बदलतात आणि झोप मोडली की फिटचा उंबरठा खाली येतो. "म्हंजे जागल्यानं होते," सासू म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून रात्री मोटरीवर सासू जाऊ लागली.

पुढची कारवाई

नागपूरला एमआरआय झाला. साध्या सीटी स्कॅनमध्ये असा व्रण अनेकदा दिसत नाही. पातळ काप घेऊन, हिप्पोकॅम्पससाठी वेगळा क्रम लावून तपासावे लागते, म्हणून चिठ्ठीवर शंका स्पष्ट लिहून पाठवले होते. डावा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला आणि चमकदार दिसला. डुकराच्या फीतकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत होणाऱ्या गाठी आपल्याकडे फिट्सचे मोठे कारण आहेत, शाकाहारी घरांतही, कारण अंडी न धुतलेल्या पालेभाजीतून येतात. त्या नव्हत्या. पहिला ईईजी सामान्य आला, नातेवाईक लगेच म्हणाले, "काहीच निघालं नाही." फिट चालू नसताना घेतलेला एकच ईईजी सामान्य येणे फार नेहमीचे आहे, आणि त्यावरून अपस्मार नाही असे ठरत नाही. रात्र जागवून घेतलेल्या दुसऱ्या ईईजीत डाव्या बाजूच्या टोकदार लहरी मिळाल्या.

कार्बामाझेपिनने झटके बरेच कमी झाले, थांबले नाहीत. तिला मूल हवे होते म्हणून तज्ज्ञांनी लेव्हेटिरासिटाम जोडून आधीची गोळी हळूहळू कमी केली. याच काळात ती भयंकर चिडचिडी झाली. ताट फेकले, नरेशशी बोलणे सोडले. घरात पुन्हा कुजबुज सुरू झाली की "ते परत आलं". या गोळीने काहींचा स्वभाव असा बदलतो हे घरच्यांना आधीच सांगितलेले होते, म्हणून नरेश भगताकडे न जाता आमच्याकडे आला. मात्रा वाढवण्याचा वेग कमी केला, महिन्याभरात ती निवळली. उदासीसाठी जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पथकाकडे आता पाठवले. तोवर आजाराला नाव मिळालेले होते आणि घरच्यांनी ते सहज स्वीकारले. फवारणीचे औषध घरातून वावरातल्या कुलूपबंद पेटीत गेले.

चुलीची आणि मिरचीची भीती गोळीने गेली नाही. ती शिकलेली भीती होती. नवे, सुरक्षित अनुभव साठवूनच ती मंदावते. आशाताईने पायऱ्या केल्या. आधी सुक्या मिरच्यांची डेख (देठ) काढत अंगणात बसायचे, मग दुसरी कोणी फोडणी देत असताना ओट्यावर थांबायचे, मग स्वतः कमी तेलात. प्रत्येक पायरीवर घाबरून पळायचे नाही, छाती शांत होईपर्यंत थांबायचे. घाई केली त्या दिवशी दोन पायऱ्या मागे जावे लागले. चूल मात्र बंद केली. गॅसची शेगडी जमिनीवर, पाणी बादलीने नाही तर तोटीचे, विहिरीवर एकटीने जायचे नाही.

परिणाम

मागच्या पोळ्यानंतर तिला जाण हरपणारा झटका आलेला नाही. पोटातून वर चढणारी ती लाट कधीमधी येते, पाच-दहा सेकंद राहते आणि ओसरते. आता तिला ते नावाने माहीत आहे. "आली की बसून जातो, भित नाही," ती सांगते. भीती तेव्हाही वाटते, कारण अमिग्डाला अजून पेटतो. पण ती कुणाच्या नावाला चिकटत नाही.

स्मरण पूर्ण सुधारलेले नाही, ते सुधारेल असे मी तिला सांगितलेले नाही. ती वही वापरते. निरोप लिहून घेते, दुकानाची यादी लिहून घेते. सासू आता "लिहून घे व" असे स्वतः म्हणते. उजव्या हाताची दोन बोटे पुरती वळत नाहीत आणि कापूस वेचताना तिचा वेग निम्मा झाला आहे. ते नुकसान भरून निघणारे नाही.

मामाने सोडचिठ्ठीचा विषय पुन्हा काढला नाही. भगताचे काम चालू आहे.

वेगळे काय करता आले असते

चौदाव्या वर्षी ती शाळेत होती. वर्गात हरवायची आणि शिक्षक तिला बाहेर उभे करायचे. शाळेच्या आरोग्य तपासणीत डोळे, दात, हिमोग्लोबिन बघतात. "मधेच हरवते का, नंतर आठवत नाही का" हे दोन प्रश्न शिक्षकांना विचारले असते तर सहा-सात वर्षे वाचली असती. हातही वाचला असता.

त्याआधीही एक संधी होती. तापातली फिट पाच मिनिटांहून लांबली तर १०८ ला फोन करून बाळाला कुशीवर ठेवायचे आणि फिट थांबवणारे औषध जवळच्या केंद्रात लगेच मिळायला हवे. अशा मुलांची नाव-गावानिशी नोंद उपकेंद्रात राहिली आणि दहा-बारा वर्षांचे झाल्यावर एकदा विचारपूस झाली, तर पुढची वाट बदलते. आमच्या केंद्रात ही नोंद आता सुरू आहे.

झोपेच्या गोळ्या देणाऱ्या दवाखान्यात तिला मोकळे बोलूच दिले गेले नाही. नरेशनेच सगळे सांगितले. पोटातून चढणारी लाट फक्त तिलाच माहीत होती. सासरच्या माणसांना बाहेर बसवून बाईशी पाच मिनिटे बोलणे, हे निदानाचे पहिले साधन मानायला हवे.

भगताकडे आमच्या आधी माणसे जातात हे वास्तव आहे. त्याच्याशी बोलायचे की नाही यावर आमच्यात अजून एकमत नाही. मला वाटते, बोलावे: झटक्यात तोंड चघळणारी, भाजलेली किंवा तापाची मुलगी आली तर आधी आमच्याकडे पाठव, एवढेच. एकाने ऐकले तरी एखादा हात वाचेल.

आता पुढे काय

वैशालीने ठरवून कॉपर-टी काढली, काही महिने आधीपासून पाच मिलिग्रॅम फॉलिक अॅसिड घेतले, आणि ती सध्या पाचव्या महिन्यात आहे. गरोदरपणात शरीर लेव्हेटिरासिटाम लवकर बाहेर टाकते, त्यामुळे मात्रा वाढवावी लागेल. उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्यायची का, हे तिने वहीत लिहून घेतले आहे. सोनोग्राफीत बाळ ठीक आहे. बाळंतपण रुग्णालयातच, आणि बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही.

बाळंतपणानंतरची जागरणे हा मोठा धोका आहे. रात्री बाळ सासूजवळ राहील असे ठरले आहे. बाळाला अंघोळ ती जमिनीवर बसून आणि कोणीतरी सोबत असतानाच घालेल. तेव्हा झटके परत आले तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल. दोन औषधे योग्य मात्रेत घेऊनही फिट्स थांबत नसतील तर तिसऱ्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ थोडा असतो. कॅनडात झालेल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरानंतर शस्त्रक्रियेसाठी निवडलेल्या गटातले ५८ टक्के रुग्ण जाण हरपणाऱ्या फिट्सपासून मुक्त होते, नुसत्या औषधावरच्या गटातले ८ टक्के. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेसारख्या ठिकाणी ही शस्त्रक्रिया अनेक वर्षे होते. पण वैशालीची बाजू डावी आहे. त्या बाजूचा हिप्पोकॅम्पस काढला तर शब्दांची स्मृती आणखी कमी होण्याची शक्यता असते. मी हे तिला आणि नरेशला एकत्र बसवून सांगितले. नरेशने लगेच विचारले की त्रिवेंद्रमला गाडी कोणती जाते. वैशाली म्हणाली, आधी लेकरू होऊ द्या, मग मी सांगीन.